घर आत्ताच धाकट्याच्या नावावर करू का? नगरच्या एका निवृत्त ख्रिस्ती पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) उत्तर

पाळकसाहेब, नमस्कार. आधी उत्तर सांगतो, कारणं मागून सांगतो. घराचं बक्षीसपत्र आत्ता करू नका. मृत्युपत्र करा, लवकर करा, आणि त्यात पहिलं नाव मुलांचं नको, बाईंचं, म्हणजे तुमच्या पत्नीचं, पाहिजे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडतो. तुमचं वय ७६, बाई ७१. सावेडीला स्वतःचं बैठं घर, आजच्या भावाने साधारण ७० लाखाचं. पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममधे १० लाख, बँकेत एफडी ९ लाख, पतसंस्थेत ६ लाख, मंडळीकडून, म्हणजे चर्चकडून, पेन्शन महिना साडेसहा हजार. थोरला पुण्यात, त्याला २०१४ ला फ्लॅटसाठी १२ लाख दिलेत. मुलगी नाशिकला नर्स, तिच्या लग्नात २ लाख दिले. धाकटा तुमच्याजवळ राहतो आणि म्हणतो की २०० रुपयांच्या स्टॅम्पवर काम होतंय तर आत्ताच घर माझ्या नावावर करा, नंतर भानगड नको. थोरला म्हणतो बायबलप्रमाणे ज्येष्ठाला दुप्पट, आणि आपलं मिशन अमेरिकेतल्या ज्या बॉस्टनकडच्या प्युरिटन लोकांच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या कडक प्रोटेस्टंटांच्या, परंपरेतून आलं ते पाळकसुद्धा असंच वाटप करायचे. मुलगी काहीच बोलत नाही. आणि तुमच्या मनात ५ लाख मंडळीला द्यायचे आहेत.

थोरल्याच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था १८१० मधे तिकडे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्समधेच निघाली, त्यांची माणसं १८१३ ला मुंबईत उतरली आणि १८३१ ला नगरला आली, आणि ते काँग्रिगेशनल लोक म्हणजे जुन्या प्युरिटनांचेच वारस, हे सगळं बरोबर. १६४१ मधे मॅसॅच्युसेट्सने जो पहिला कायदेसंग्रह केला तो लिहिणारा नॅथॅनिएल वॉर्ड स्वतः इप्सविचचा पाळक होता, आणि त्यात थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा खरंच लिहिलेला आहे. पण कधी? तर बाप मृत्युपत्र न करता गेला तर. मृत्युपत्र केलं असेल तर बापाने लिहिलं तसं. आणि त्याच कायद्यात दोन कलमं वर असं लिहिलंय की नवऱ्याने बायकोसाठी पुरेसं ठेवलं नसेल तर तिने तक्रार करावी, जनरल कोर्ट, म्हणजे तिथली विधिसभा, तिला न्याय देईल. म्हणजे क्रम बघा, आधी बायको, मग मुलं. आणि ती दुप्पट हिश्शाची पद्धत तिथेही १७८९ मधे संपली.

ज्येष्ठाला दुप्पट सांगणारं बायबलमधलं अनुवाद २१:१७ हे वचन तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही आयुष्यभर त्यावर प्रवचनं केली असतील. ते वचन दोन बायका असलेल्या माणसासाठी आहे, नावडतीचा मुलगा थोरला असेल तर आवडतीच्या मुलासाठी त्याला डावलू नको म्हणून. म्हणजे बापाच्या पक्षपाताला घातलेला तो लगाम आहे. ज्याला आधीच १२ लाख मिळालेत त्याने ते वचन पुढे करावं हे मला पटत नाही, आणि हे त्याला तुम्हीच समजावून सांगू शकता, माझ्यासारख्याने सांगून उपयोग नाही.

आता त्या प्युरिटन लोकांकडून खरंच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. त्यांच्या मृत्युपत्रात बायकोची सोय इतकी बारीक लिहिलेली असायची की वाचताना थक्क व्हायला होतं. घरातली अमुक खोली तिची, तळघरात सामान ठेवायला जागा, भट्टीत पाव भाजायचा हक्क, एक गाय आणि त्या गायीचा चारा मुलाने पुरवायचा, वर्षाला इतकं जळाऊ लाकूड तोडून, फोडून तिच्या दाराशी आणून टाकायचं. मुलगा आईला सांभाळेल यावर विश्वास नव्हता असं नाही, पण सून आली, नातवंडं झाली, पैशाची ओढाताण झाली की चांगला मुलगाही विसरतो हे त्यांना माहीत होतं. आणि जमीन ते लवकर सोडायचे नाहीत. अँडोव्हर नावाच्या गावात तर मुलगा लग्न करून बापाच्या जमिनीवर वेगळं घर बांधून राहायचा पण कागद बापाच्याच नावावर, कित्येकदा बाप मरेपर्यंत. हे मला टोकाचं वाटतं, त्यात मुलांची उमेदीची वर्षं बापाच्या मर्जीवर गेली. पण जिथे बापाने हयातीत कागद करून दिला तिथे मुलाकडून सांभाळायचं लेखी वचन घेतलं जायचं, हे मात्र शहाणपणाचं.

बक्षीसपत्राचं गणित म्हणून बघू. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये हे धाकट्याचं बरोबर आहे, स्थानिक आकार वरती वेगळा लागतो. स्वस्त आहे. पण एकदा नोंदणी झाली की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलगा सांभाळत नसेल तर ट्रिब्युनल तो व्यवहार रद्द करू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ मधे सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, २०२५ च्या जानेवारीत जरा उदार भूमिका घेतली. पण पाळकसाहेब, विचार करा, उद्या तुम्ही नसताना ७५-८० वर्षांच्या बाई स्वतःच्या मुलाविरुद्ध प्रांत ऑफिसच्या पायऱ्या चढणार आहेत का? कायदा आहे म्हणून ती वेळ यावी असं थोडंच आहे. धाकट्याच्या मनात पाप आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्याने उद्या धंद्यासाठी घर तारण ठेवलं आणि धंदा बसला तरी बाईंचं छप्पर जातं, त्यात त्याची नियत वाईट असायची गरज नाही.

आता मृत्युपत्र केलंच नाही तर काय होतं ते ऐका. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू नाही, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू. त्यात बायकोला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान, मुलगा मुलगी फरक नाही. हा तिसरा हिस्सा जुन्या इंग्रज कायद्यातून आलाय, बॉस्टनच्या प्युरिटन बाईलाही तिसराच हिस्सा आणि नगरच्या तुमच्या बाईंनाही तिसराच. पण राहत्या घराचा तिसरा हिस्सा म्हणजे काय, दोन खोल्या आणि अर्धं स्वयंपाकघर? दोन मुलांनी विकायचं ठरवलं की बाईंना कोर्टाची नोटीस. आणि दुसरी गोष्ट तुमच्या घरासाठी फार महत्त्वाची. कलम ४९ असं सांगतं की मृत्युपत्र नसेल तर हयातीत मुलाला दिलेले पैसे वाटणीत धरायचे नाहीत. मॅसॅच्युसेट्समधे उलट होतं, १६९२ च्या त्यांच्या कायद्यात आधी मिळालेलं हिश्शातून वजा व्हायचं. म्हणजे तुम्ही काही न लिहिता गेलात तर थोरल्याचे १२ लाख कागदावर दिसणारच नाहीत, तो परत समान हिस्सा घेईल, आणि ते बेकायदेशीर नसेल. हे टाळायचा एकच मार्ग म्हणजे तुम्ही स्वतः लिहून ठेवणं.

मग लिहायचं काय. घरात हयातभर राहायचा हक्क बाईंना, पूर्ण घरात, एका खोलीत नाही, भाडेकरू ठेवला तर भाडंही त्यांचं. विकायचा, गहाण ठेवायचा हक्क कोणालाच नाही त्या असेपर्यंत. अशाने उद्या कोणी त्यांच्याकडून गोड बोलून सही घेईल ही तुमची जी भीती आहे तीही जाते, कारण विकायचं त्यांच्या हातातच नसेल. त्यांच्या मागे घर मुलांना.

मुलांचे हिस्से असे काढा. घर ७०, थोरल्याला दिलेले १२, मुलीला दिलेले २, एकूण ८४ लाख, प्रत्येकी २८. थोरल्याचे १२ गेले, राहिले १६. मुलीचे २६. धाकट्याचे २८. म्हणजे घरात साधारण २३ टक्के, ३७ टक्के, ४० टक्के. मृत्युपत्रात रक्कम लिहू नका, टक्के लिहा, कारण घराचा भाव बदलणार. २०१४ च्या १२ लाखांवर व्याज धरायचं का असा प्रश्न धाकटा काढेल, माझं मत धरू नका, एकदा व्याज सुरू झालं की मग कोणी किती वर्षं आईचं औषधपाणी केलं, कोणाच्या शिक्षणाला किती गेले, हे सगळं निघतं आणि त्याला अंत नाही. धाकट्याला एक जादा हक्क जरूर द्या, बाईंच्या मागे वर्षभरात बाजारभावाने भावाबहिणीचे हिस्से विकत घ्यायचा पहिला मान त्याचा. तो राहतोय, सांभाळतोय, त्याला रस्त्यावर यायला लागू नये.

मुलीबद्दल एक बोलतो, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की ती काही मागणार नाही, हक्कसोड करून देईल. तुम्ही हयात असताना तिचा हक्क तयारच झालेला नाही, मग ती सोडणार काय? तो कागद आत्ता करून अर्थ नाही. आणि ती गप्प आहे म्हणजे तिला नकोय असं धरू नका. तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत आलंय की तुमच्या बायपासच्या वेळी महिनाभर रजा काढून तीच थांबली होती. तिचा हिस्सा तिने न मागताच लिहा.

आता बाईंचा महिन्याचा खर्च कसा चालणार ते. आज तुमची आवक बघितली तर पेन्शन ६,५००, पोस्टाचे ८.२ टक्क्यांनी महिना सुमारे ६,८००, एफडीचे ७ टक्के धरून ५,२५०, पतसंस्थेचे ९ टक्क्यांनी ४,५००, असे २३ हजार, आणि खर्च २४ हजार. आत्ताच ओढाताण चाललीय. तुमच्या मागे पेन्शन बाईंना चालू राहते का, किती राहते, हे लेखी विचारून घ्या, तुमच्या पत्रात ते नाही आणि सगळं त्यावर अडतंय. पतसंस्थेतले ६ लाख मुदत संपली की काढा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही, ९ टक्क्याच्या मोहात म्हातारपणाचा पैसा तिथे ठेवायचा नसतो. ते बाईंच्या नावाने पोस्टात सिनियर सिटिझनमधे टाका, महिना ४,१०० येतील, ४०० रुपये कमी पण झोप लागेल. बँकेची एफडीही दोन बँकांत विभागा, म्हणजे ९ च्या ९ लाख विम्यात बसतील. तुमच्या पोस्टाच्या खात्यात नॉमिनी फक्त बाई ठेवा म्हणजे खातं त्यांना पुढे चालवता येईल. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे मुलांना आत्ताच सांगून ठेवा, बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते पण वाटप मृत्युपत्राप्रमाणेच व्हायला पाहिजे.

मंडळीच्या ५ लाखांबद्दल तुमच्या मनातली ओढ मला कळते, आणि ती मोडायची माझी इच्छा नाही. पण आत्ता दिले तर महिना २,९०० ची आवक कायमची जाते, म्हणजे बाईंचं औषध. जॉन हार्वर्ड १६३८ मधे गेला तेव्हा अर्धी इस्टेट आणि चारेकशे पुस्तकं कॉलेजला देऊन गेला, तोही प्युरिटन पाळकच, पण तिशीतला आणि मूलबाळ नसलेला. तुमचं तसं नाही. मृत्युपत्रात लिहा की बाईंच्या मागे जी काही ठेव शिल्लक राहील त्यातले पहिले ५ लाख मंडळीला. ख्रिस्ती माणसाने धर्मादाय दिलं तर ते मृत्यूच्या वर्षभर आधी लिहिलेलं पाहिजे असं कोणी तुम्हाला सांगितलंय, ते जुनं कलम ११८, सुप्रीम कोर्टाने २००३ मधे रद्द केलंय. त्याची काळजी सोडा. तुमची पुस्तकं मात्र आजच द्या, सेमिनरीला, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजला, किंवा एखाद्या तरुण पाळकाला, त्याला मृत्युपत्राची वाट बघायची गरज नाही.

कागद करताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. साक्षीदार दोन लागतात, आणि तुमच्या कायद्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला, बायकोला मृत्युपत्रात काही दिलं असेल तर ते देणं रद्द होतं. म्हणजे धाकट्या सुनेने प्रेमाने साक्षीदार म्हणून सही केली तर धाकट्याचेच ४० टक्के गेले. जावईही नको. मंडळीतले दोन वडील, म्हणजे चर्चचे एल्डर, तुमच्यापेक्षा वयाने लहान, असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही पण करा, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

आणि हे सगळं करायच्या आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा. तुम्ही लिहिलंय प्लॉट ८६ साली मंडळीच्या सोसायटीतून मिळाला. तो तुमच्या नावावर पूर्ण झालाय की अजून ट्रस्टच्या नावावर आहे? सेलम गावचा पाळक सॅम्युएल पॅरिस आणि गावकरी पाळकाचं घर नक्की कोणाचं यावरून वर्षानुवर्षं भांडले, त्याला वाटत होतं गावाने घर दिलं, गाव म्हणत होतं राहायला दिलं, आणि आपल्याकडच्या मिशनच्या जागांचे वादही तसेच चाललेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. उतारा आणि पेन्शनचं पत्र हाती आलं की मला कळवा, मग वकिलांना द्यायचा मसुदा आपण मिळून बघू, शक्य झालं तर बाईंनाही त्या वेळी बसवा, त्यांचं मत तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.