चीनची ‘भिंत’ की चीनचा ‘तट’?

प्रश्न असा आला आहे: बुरूज, दरवाजे, पहाऱ्याच्या चौक्या असलेल्या बांधकामाला आपण एरवी तट किंवा कोट म्हणतो, मग चीनची मात्र ‘भिंत’ कशी? आणि त्या भिंतीत मजूर चिणले होते, हे खरं का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच चिनी शब्दापाशी येतात, म्हणून एकत्रच लिहितो.

चिनी नाव ‘छांग-छंग’. छांग म्हणजे लांब. ‘छंग’ म्हणजे तट, आणि तटाच्या आत वसलेलं शहरसुद्धा. पेइचिंगच्या (बीजिंगच्या) राजवाड्याच्या जुन्या नावाच्या शेवटी हाच छंग आहे. आपल्याकडे ‘कोट’ असाच दुहेरी चालतो. मुंबईचा तट १८६०च्या दशकात पाडला गेला, तरी आतल्या वस्तीला जुनी माणसं पुढेही कोटच म्हणत राहिली. तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘लांब कोट’ किंवा ‘लांब तट’ हेच जवळचं.

पण ‘भिंत’ चूक ठरत नाही. आज चित्रांत दिसतो तो विटा-दगडांचा भाग बहुतांशी मिंग काळातला (१३६८–१६४४) आहे, आणि मिंग दरबार त्याला बहुधा ‘ब्येन-छ्यांग’ म्हणे, म्हणजे सरहद्दीची भिंत. ‘छांग-छंग’ म्हटलं की पहिला सम्राट छिन शी ह्वांग आणि त्याची वेठबिगार आठवे. ते नाव मिंगांना नको होतं.

मुळात ती एक भिंत नाहीच. इ.स.पू. २२१मध्ये चीन एकछत्री झाला, त्याच्या आधीच छी, यान, चाव अशा राज्यांनी आपापले तट घातले होते. छिनचा सेनापती मंग थिएन याने उत्तरेकडचे जुने तुकडे जोडले, वाढवले. ते काम मुख्यतः धुमसाने थरावर थर चोपलेल्या मातीचं. छिननंतरच्या हान घराण्यातल्या राजांनी ते पश्चिमेला तुनह्वांगच्या वाळवंटापर्यंत नेलं. तिथे माती भुसभुशीत, म्हणून बोरू आणि झाऊच्या फांद्यांचे थर, मध्ये वाळू-खडी. इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपली ‘भिंत’ संस्कृत ‘भित्ति’वरून आली, आणि भिद् म्हणजे फोडणे या धातूपासून झालेल्या भित्तीचा एक अर्थ कोशात ‘फोडलेल्या बोरूंची चटई’ असा आहे. वाळवंटातल्या त्या हान भिंतीला हा शब्द किती चपखल बसतो! मिंगांच्या विटांमधल्या चुन्यात चिकट तांदळाची खळ असे, तेही रासायनिक तपासणीत दिसून आलं आहे. सगळ्या राजवटींची बांधकामं धरून २०१२मध्ये जाहीर झालेली लांबी २१,१९६ किलोमीटर आहे.

आता चिणलेल्या माणसांचं. मजूर फार मोठ्या संख्येने मेले, याबद्दल शंका नको. पण भिंतीच्या पोटात त्यांचे सांगाडे मिळालेले नाहीत, आणि चोपलेल्या मातीत प्रेतं कुजली तर ती पोकळ होऊन खचेल, हे गवंड्यालाही कळतं. ही समजूत रुजली ती मंग ज्यांगन्यूच्या कथेमुळे. नवऱ्याला वेठीला नेलं, ती त्याला शोधत आली, तो मेल्याचं कळताच तिने असा आकांत केला की भिंत कोसळून त्याची हाडं उघडी पडली.

या कथेचा माग १९२४मध्ये इतिहासकार गू ज्येगांग यांनी काढला. सर्वांत जुन्या नोंदीत ती छी राज्यातल्या एका पडलेल्या योद्ध्याची बायको आहे. राजा रस्त्यातच सांत्वन करू लागतो, तेव्हा ती रीत सांगून नकार देते. रडणं नाही, भिंत नाही. काही शतकांनी ती रडते आणि ‘छंग’ कोसळतो. हा छंग शहराचा तट. थांग काळापर्यंत (इ.स. ६१८–९०७) तोच छंग छिन सम्राटाचा छांग-छंग झालेला असतो, तो योद्धा आणि हा सम्राट यांच्यामध्ये तीनेक शतकांचं अंतर असूनही. शब्द एकच होता, म्हणून कथेला तट बदलताना काही अडलं नाही. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: जुलमी राजाविरुद्ध लोकांना जे बोलायचं होतं, ते त्यांनी या बाईच्या तोंडी घातलं.

बुरूज टिकावा म्हणून माणसं पुरल्याची आख्यायिका आपल्याकडे पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाचीही आहे. फरक असा की तिथे बळी बांधकाम तगवतो, चिनी कथेत शोक ते पाडतो.

चंद्रावरून भिंत दिसते, ही समजूत तर अंतराळयानांच्या कितीतरी आधीची. विल्यम स्ट्यूकली या इंग्रजाने १७५४मध्येच तसं लिहिलं होतं. २००३मध्ये पहिला चिनी अंतराळवीर यांग लीवेइ परतला आणि आपल्याला ती दिसली नाही असं त्याने सांगितलं.

तेव्हा लिहिताना माझं मत असं: विशेषनाम म्हणून ‘चीनची भिंत’ रुळलं आहे, ते राहू द्यावं. वर्णनात मात्र तट, बुरूज, चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे), दरवाजा हे आपले शब्द मोकळेपणाने वापरावेत, आणि छिन, हान, मिंग यांच्याबद्दल वेगवेगळं बोलायचं असेल तिथे ‘भिंती’ असं अनेकवचन लिहावं.