बोट लागते कुठे, गाव असतं कुठे

मेडिटरेनियन क्रूझबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, तर एवढे आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. सारखे होते ते एकत्र केलेत. ‘कुठली कंपनी चांगली’ हा प्रश्न मुद्दाम वगळलाय, कारण माझ्या मते कंपनीपेक्षा रूट बघायचा असतो, आणि रूट म्हणजे नुसती गावांची नावं नाहीत, ते खाली येईलच.

आम्ही दोघं रिटायर्ड. सात रात्रींच्या दोन क्रूझ शॉर्टलिस्ट केल्यात, भाव जवळपास सारखाच. एकीत बार्सिलोना, मार्सेय, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. दुसरीत स्प्लिट, दुब्रॉवनिक, कोटर, कॉर्फू अशी आम्ही कधी न ऐकलेली नावं. मुलगा म्हणतो पहिली घ्या, मोठी शहरं एका फटक्यात होतात. काय करावं? (ठाणे)

मुलाला सांगा, आईबाबा दुसरी घेतायत.

ब्रोशरमध्ये रोम लिहिलेलं असतं पण बोट रोमला जातच नाही हो, रोम समुद्रावर नाहीच आहे, बोट लागते चिविताव्हेक्या नावाच्या बंदरात आणि तिथून रोम साधारण 80 किलोमीटर, म्हणजे पाहुण्याला लोणावळ्यात उतरवायचं आणि सांगायचं की घ्या, संध्याकाळपर्यंत मुंबई बघून या. आता हिशोब करा. सकाळी आठला बोट लागली तरी आधी पोर्टची शटल बस, मग स्टेशन, मग तासाभराची ट्रेन, रोममध्ये पाय ठेवेपर्यंत साडेदहा-अकरा वाजणार, आणि साडेपाच-सहाला बोटीवर परत हवं म्हणजे साडेतीनलाच निघायला लागणार. उरलेल्या साडेचार-पाच तासांत कोलोसियम बघायचं, व्हॅटिकन बघायचं की जेवायचं? फ्लॉरेन्सची तर आणखी तऱ्हा, त्याचं बंदर लिव्होर्नो, तिथून एका बाजूचा दीड तास. मी रोमला नावं ठेवत नाहीये, उलट रोमला नीट विमानाने जा आणि चार दिवस रहा असंच म्हणेन.

दुसऱ्या यादीतली गावं (स्प्लिट, दुब्रॉवनिक क्रोएशियात, कोटर माँटेनेग्रोत, कॉर्फू ग्रीसमध्ये) मुळात समुद्राच्या जिवावर उभी राहिलेली आहेत, व्यापार समुद्रातून, शत्रू समुद्रातून, त्यामुळे त्यांचा दर्शनी दरवाजाच पाण्याकडे असतो. कोटरला बोट धक्क्याला लागली की रस्ता ओलांडला, समोर तटबंदीचा समुद्र दरवाजा, आत शिरलात की गाव. ना बस ना ट्रेन.

आणि स्प्लिट तर तुमच्यासाठीच आहे! रोमन सम्राट डायोक्लिशियन इ.स. 305 मध्ये आपणहून गादी सोडून रिटायर झाला, असं करणारा तो पहिलाच सम्राट, आणि रिटायरमेंटसाठी त्याने आपल्या मुलखात समुद्रकाठी जो राजवाडा बांधून घेतला तोच आज स्प्लिटचा जुना भाग आहे. म्युझियम नाही, आत माणसं राहतात, सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच्या खांबांच्या मध्ये कुणाची तरी खिडकी आणि खिडकीत वाळत घातलेले कपडे. परत राज्य सांभाळा म्हणून लोक बोलवायला आले तर हा म्हणाला, मी माझ्या हाताने लावलेला कोबी बघा, मग मला परत बोलावणार नाही, अशी गोष्ट सांगतात. गंमत म्हणजे याने ख्रिश्चनांचा अतोनात छळ केला, आणि पुढे त्याच्याच समाधीचं चर्च झालं, तेही त्याच्या काळात मारल्या गेलेल्या सेंट डोम्नियसच्या नावाने.

कोटरच्या दिवशी मात्र पहाटेचा गजर लावा. ही क्रूझ घ्यायचं अर्धं कारण तेच आहे. बोट आधी खाडीत शिरते, दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, मग वेरिगे नावाची चिंचोळी जागा येते, साडेतीनशे मीटरसुद्धा रुंदी नाही आणि आपली बारा-चौदा मजली बोट त्यातून जाते, आणि पलीकडे पेरास्त गाव आणि त्याच्यासमोर पाण्यात दोन चिमुकली बेटं. त्यातलं एक माणसांनी केलेलं आहे, खडकावर दगड टाकून टाकून आणि जुनी गलबतं बुडवून बुडवून, आणि अजूनही दरवर्षी 22 जुलैला संध्याकाळी गावकरी होड्या घेऊन जातात आणि बेटाभोवती दगड टाकतात. हे सगळं डेकवरून दिसतं, फुकट. आठ वाजता ब्रेकफास्टला उठलात तर गेलं.

व्हिसाचं काय? आमच्या एजंटने सिंगल एंट्री शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) पुरेल असं सांगितलंय. बोट इटलीतून सुटते, माँटेनेग्रो आणि ग्रीस करून परत इटली. (पुणे)

अजिबात पुरणार नाही, एजंटला परत विचारा आणि लेखी घ्या. इटली, ग्रीस, माल्टा शेंगेनमध्ये आहेत, क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आत आलाय, पण माँटेनेग्रो बाहेर आहे. कोटरला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत ग्रीसमध्ये शिरताना दुसरी एंट्री लागते. म्हणून मल्टिपल एंट्रीच मागायची, फॉर्मबरोबर क्रूझचा पूर्ण रूट जोडायचा. माँटेनेग्रोचा वेगळा व्हिसा काढायला नको, शेंगेन चालू असेल तर थोड्या दिवसांसाठी तोच चालतो. रूटमध्ये तुर्कस्तानचं कुशादासी असेल (एफेससचे अवशेष त्याच्या जवळ आहेत) तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घ्या, शेंगेन हातात असला की तो ऑनलाइन होतो. इन्शुरन्स किमान 30,000 युरोंचा लागतो. कागद अपुरे असले तर चेक-इनलाच अडवतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

व्हेनिसमध्ये बोट शिरताना डेकवरून सेंट मार्क्सचा चौक दिसतो असं ऐकलंय. कुठल्या बाजूची बाल्कनी घ्यावी? (नागपूर)

कुठलीच नको. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या बोटींना सेंट मार्क्ससमोरून जाणाऱ्या कालव्यातून जायला बंदी आहे. आता ‘व्हेनिस’ म्हणून विकलेली क्रूझ मार्गेराच्या औद्योगिक बंदरातून तरी सुटते, नाहीतर थेट राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून, आणि ही दोन्ही व्हेनिसपासून दोन तासांच्या अंतरावर. जुने व्हिडिओ बघून बुकिंग करू नका.

आईला सोबत न्यायचंय, वय 72, गुडघ्यांचा त्रास आहे, सपाटीवर चालते पण पायऱ्या नको. कुठली गावं झेपतील? (कोल्हापूर)

गावागणिक वेगळं आहे, थोडं सविस्तर सांगते.

सगळ्यात सोपं माल्टातलं व्हॅलेटा, जरी ते उंचावर असलं तरी. बोट ग्रँड हार्बरमध्ये लागते, किनाऱ्याने दहा-पंधरा मिनिटं सपाट चालायचं, मग बराक्का लिफ्ट, अठ्ठावन्न मीटर उंच, अर्ध्या मिनिटाच्या आत वरच्या बागेत. दुपारी बारा वाजता त्या बागेच्या खालच्या चौथऱ्यावरून तोफ उडवतात, आईंना बाकावर बसून बघता येईल. तिथून जवळच सेंट जॉन्स को-कॅथीड्रल, बाहेरून साधं गोदामासारखं आणि आत सोन्याने मढवलेलं, जमिनीवर रंगीत संगमरवरी थडगी, त्यांवर सांगाड्यांची चित्रं, आणि चित्रकार कारावाज्जोचं 1608 चं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं प्रचंड चित्र. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही कुठे, तर जमिनीवर सांडलेल्या रक्तात. पर्यटकांना रविवारी बंद असतं, तेव्हा बोट माल्टाला रविवारी लागणार नाही ना ते बघून घ्या.

कोटरचं गाव सपाट आहे, फक्त मागच्या डोंगरावरच्या किल्ल्याच्या तेराशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या तुम्ही करा, आईंना खाली चौकात कॉफी आणि मांजरं. मांजरं भरपूर. दुब्रॉवनिकमध्ये मुख्य रस्ता स्त्रादुन लादीचा, गुळगुळीत आणि सपाट, पण दोन्ही बाजूंच्या गल्ल्या म्हणजे निव्वळ जिने, आणि तटावर चढणं आईंसाठी विसराच. ग्रीसच्या रोड्सला बोटीपासून तट जवळ आहे पण आतले रस्ते उभ्या बसवलेल्या गोट्यांचे आहेत, जाड सोलचे बूट नसतील तर धडधाकट माणसाचेसुद्धा पाय बोलायला लागतात.

सँटोरिनीचं स्पष्ट सांगते, त्रासाचं आहे. धक्का नाही, बोट समुद्रात उभी राहते आणि छोट्या टेंडर बोटीतून उतरवतात, लाटा असल्या की त्यात पाय टाकणंच अवघड, आणि खालून वर गावात जायला केबल कार, तिची लाइन उन्हाळ्यात तास-तासभर. नाहीतर पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या. तिसरा पर्याय गाढवं, तो घेऊ नका, त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

नेपल्सला उतरून स्वतःच ट्रेनने पाँपेईला जाऊ की बोटीची टूर घेऊ? टूर फारच महाग वाटते. उशीर झाला तर बोट थांबते का? (डोंबिवली)

बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीची. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर बोट सुटते, आणि पुढच्या गावापर्यंतचं विमान तुमच्या खर्चाने. माझा नियम असा, गाव धक्क्याला लागून असेल तर टूरवर एक पैसा घालवायचा नाही, आणि तासाभराहून लांब असेल तर टूर घ्यायची किंवा जायचंच नाही. पाँपेई मधलं पडतं. गारिबाल्दी स्टेशनवरून लोकल मिळते, पाऊण तासाच्या आत पाँपेई, उतरलात की समोर गेट. डोंबिवलीकरांना लोकलची गर्दी मी काय सांगणार, पण खिसा सांभाळा. तिकीट आधी ऑनलाइन काढा, त्यावर नाव असतं आणि रोजची मर्यादा 20,000 माणसांची आहे. परतीला ठरवलेल्या ट्रेनच्या आधीची ट्रेन धरा. आणि ग्रीसमध्ये घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे बोटीवरची वेळ कुठली धरलीय ते रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा ॲपवर बघायचं, मोबाइलच्या भरवशावर राहायचं नाही.

मी इतिहासाची शिक्षिका. दुब्रॉवनिकमध्ये पाचच तास आहेत, काय बघू? (रत्नागिरी)

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बोट ग्रुझला लागते, जुनं गाव तीनेक किलोमीटर, सिटी बस पिले दरवाजापर्यंत सोडते. आधी तट चढा, उन्हाच्या आत, तिकीट महाग आहे (चाळीस युरोच्या घरात), पण सगळं गाव वरूनच कळतं. जवळपास दोन किलोमीटरची फेरी आहे. खाली घरांची कौलं नीट बघा, काही फिकट, विटकी, आणि बरीचशी एकदम लालभडक नारिंगी. युगोस्लाव्हिया फुटताना 1991-92 च्या वेढ्यात गावावर तोफा डागल्या, त्यात जी छपरं फुटली तिथे नवी कौलं बसवलीत. कुठे मार बसला त्याचा नकाशाच आहे तो.

हे रागुसा नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, एका बाजूला व्हेनिस, दुसरीकडे ऑटोमन, दोघांना सांभाळत, सुलतानाला खंडणी देत शतकानुशतकं टिकलं आणि शेवटी 1808 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने संपवलं. 1377 मध्ये यांनी कायदाच केला की साथीच्या गावाहून आलेल्यांनी आधी बाहेरच्या बेटावर तीस दिवस काढायचे, मगच गावात. व्यापार बंद न करता साथ रोखायची ही पक्की व्यापारी अक्कल. पुढे त्यासाठी बांधलेल्या इमारती पूर्वेच्या प्लोचे दरवाजाबाहेर अजून उभ्या आहेत, तिथे गर्दी नसते, जरूर जा. फ्रान्सिस्कन मठातलं औषधांचं दुकान 1317 पासूनचं.

आणि दरवाजावरचा पुतळा बघा, हातात गावाची छोटी प्रतिकृती धरलेला दाढीवाला संत, सेंट ब्लेझ, गावाचा रक्षणकर्ता. आपल्या गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, सोळाव्या शतकातलं, आणि तिथे दुब्रॉवनिकच्या व्यापाऱ्यांची वस्ती होती असं मानतात. रत्नागिरीहून गोवा तसा लांब नाही, मुलांची सहल काढायला हरकत नाही.

मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जमतं. चालेल? की जुलै-ऑगस्ट? (नाशिक)

मे उत्तम. समुद्राचं पाणी गार असतं, पोहायला कुडकुडाल, पण चालायला, बघायला मस्त. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पस्तिशीच्या पुढे ऊन, गर्दी, आणि ग्रीसच्या बाजूला मेल्तेमी वारा सुटतो, तो जोरात असला की टेंडरवालं बंदर कॅन्सल होतं. वर जून ते सप्टेंबर सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझच्या प्रवाशांना माणशी वीस युरो कर आहे, 2025 पासून. बोट लागण्याची, म्हणजे मळमळ-उलट्यांची, भीती असेल तर केबिन खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर घ्या.

पक्के शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही नको. सोबत कुकर-किटली नेऊ का? (सांगली)

कुकर नको, किटलीही नको, आगीच्या भीतीने सिक्युरिटीला काढून घेतात आणि उतरताना परत देतात. मोठ्या बोटींवर भारतीय शाकाहारी मिळतं, जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला गाठून परत सांगा, तो रोज आदल्या दिवशी विचारून ठेवतो. बंदरावर उतरल्यावर इटलीत पिझ्झा मारिनारा मागा, चीज नसतं, पण लसूण असतो, तेव्हा ‘सेन्त्सा आल्यो’ (लसणाशिवाय) एवढं पाठ करून जा. माल्टात पास्तित्सी नावाचे मटारचे गरम पफ मिळतात, पण त्यात कधी कांदा तर कधी चरबी असते, विचारल्याशिवाय खाऊ नका.