कूलरच्या पंख्याकडे बघणारं पोर, आणि इतर पत्रं

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पाहुणे येतात. पाहुण्यांचं पोर आपल्या पोराशेजारी बसलं की आईला कधीचं दिसत होतं ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. म्हणून दरवर्षी पोळ्याच्या आधीचे दोन-तीन महिने माझ्याकडे स्वमग्नतेबद्दलची, म्हणजे ऑटिझमबद्दलची पत्रं जास्त येतात. त्यातली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. 'आई'सुद्धा म्हणत नाही. हाक मारली तर वळत नाही, पण कुरकुऱ्यांचं पाकीट फोडलं की दुसऱ्या खोलीतून धावत येतो. कूलरचा पंखा तासभर बघत बसतो. सासूबाई म्हणतात, "याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, काऊन घाबरून राहिली तू?" शेजारच्या काकू म्हणतात, मोबाइल दाखवल्यानं झालं. घरात मराठी, अंगणात हिंदी, प्ले-स्कूलमध्ये इंग्रजी. त्या खिचडीमुळे बोलत नसेल का? (मानेवाडा)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि मला तीच विचारायची आहे. तो बोट दाखवतो का? बिस्कीट हवं म्हणून नव्हे. गच्चीवर माकड आलं, तर त्याच्याकडे बोट करून तुमच्याकडे वळून बघतो का, 'आई, ते बघ' अशा नजरेनं? सव्वा वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं हे करू लागतात. नुसतंच उशिरा बोलणारं मूल शब्दांवाचूनही दिवसभर बोलत असतं, हातानं, डोळ्यांनी, चेहऱ्यानं. तुमच्या यजमानांनी चौथ्या वर्षापर्यंत शब्द काढला नसेल, पण चांदोबा दाखवला होता का? सासूबाईंना जरूर विचारा, त्यांना आठवत असेल.

तो बोट दाखवत नसेल आणि नावालाही वळत नसेल, तर थांबू नका. पहिली तपासणी कानाची. पाकिटाचा आवाज ऐकू येतो म्हणजे बोलण्यातले सगळे आवाज नीट ऐकू येतात असं नाही, म्हणून 'बेरा' ही ऐकण्याची तपासणी करून घ्या. दुसरी गोष्ट, 'एम-चॅट' नावाची २० प्रश्नांची चाळणी असते. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि तुमचा मुलगा २७ महिन्यांचा आहे, तेव्हा ती याच महिन्यात करून घ्या. चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नव्हे, पुढे नीट तपासायला हवं एवढंच. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानच्या एम्सच्या बालरोग विभागात सुरुवात करता येईल. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही मुलांना पुढे पाठवतं.

आता मोबाइल. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. त्याची मुळं मेंदूच्या जन्माआधीपासूनच्या घडणीत असतात आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द सध्या व्हॉट्सॲपवर फार फिरतो, पण तो निदानाच्या कोणत्याही अधिकृत यादीत नाही. तरीही मोबाइल बंद करा. तुमच्याशी खेळण्यात जायला हवे ते तास तो खातो. आणि तुम्ही मनात जे धरून बसला असाल तेही सांगते, तुमच्यामुळे झालेलं नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं मोठमोठे लोक सांगत. त्यांनी एका पिढीच्या आयांना रडवलं आणि ते साफ चुकले. लसीचंही तेच. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख त्याच नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला.

भाषांची खिचडी चालू द्या. नागपुरात कोणतं पोर एका भाषेत वाढतं? दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडत नाही. तुम्ही मात्र तुमच्या तोंडी बसलेल्या भाषेत बोला. ओढूनताणून इंग्रजी नको.

निदानाची तारीख मिळेपर्यंत घरी काय करायचं? त्याच्या शेजारी कूलरसमोर बसा. तो बघतो ते बघा. "गरगर गरगर..." म्हणा, बटण बंद करा आणि गप्प राहा. दहा सेकंद. तो तुमचा हात धरून बटणाकडे नेईल, कदाचित क्षणभर तुमच्याकडे बघेल. हा संवाद आहे. "गरगर?" म्हणून लगेच चालू करा. दिवसातून तीनचार वेळा, पाच-पाच मिनिटं. हे माझ्या मनचं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना अशाच पद्धती शिकवल्या. मुलं आपणहून आईवडिलांशी जास्त संवाद साधू लागली.

थेरपी सेंटर निवडताना माझी एकच अट असते, आईवडिलांना आत बसू देतात का? दार लावून घेणाऱ्या आणि "डोळ्यांत बघ" म्हणून हनुवटी धरणाऱ्या ठिकाणाहून पोराला घेऊन परत या.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे, ऑटिझम सांगितलंय. एका मोठ्या शहरात स्टेम सेल देऊन पोरं बरी करतात असं कळलं. तीन इंजेक्शनांचा खर्च फार आहे. संत्र्याच्या बगीच्यातले दोन एकर विकायला काढावेत का? (काटोल)

उत्तर : नाही, काका. बगीचा ठेवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीत वापरता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. म्हणजे जो पैसे मागतो तो उपचारही देत नाही आणि संशोधनही करत नाही. शरीरातलं शिसं-पारा काढणारी औषधं, ऑक्सिजनची बंद पेटी, गहू-दूध बंद, हे सगळंही याच बाजारातलं. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल ही औषधं काही मुलांची टोकाची चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं कमी करायला देतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मूळ स्वमग्नतेवर गोळी नाही. दोन एकरांचं उत्पन्न नातवाच्या स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला दरवर्षी लावा, आणि सुट्टीत त्याला बगीच्यात न्या. संत्री मोजून ओळीत लावायचं काम त्याला कदाचित फार आवडेल.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, निदान झालेलं आहे, दोन-तीन शब्द बोलतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा त्यानं भिंतीवर डोकं आपटलं. संध्याकाळी तान्ह्या पोळ्यात सगळी पोरं लाकडी बैल ओढत होती आणि हा बैल उलटा करून चाकं फिरवत बसला. नणंद म्हणाली, दोन झापडा दे, सुधरेल. यंदा त्याला गावी ठेवावं का? (महाल)

उत्तर : गावी ठेवू नका. सण त्याचाही आहे.

हट्ट आणि कोलमडणं यांतला फरक आधी नणंदबाईंना दाखवा. हट्ट करणारं पोर रडता रडता एका डोळ्यानं बघतं, आई पाहून राहिली की नाही. हवं ते मिळालं की रडणं थांबतं. कोलमडलेल्या पोराला काहीही दिलं तरी थांबत नाही, कारण त्याला काही नकोच असतं. ढोल-ताशे, गर्दी, "घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या, हे सगळं त्याच्या कानांत आपल्यापेक्षा कितीतरी मोठं होऊन शिरतं. त्यावर झापड म्हणजे आणखी एक आवाज आणि आणखी एक वेदना. अशा वेळी बोलूच नका. डोक्यामागे उशी सरकवा, खिडकी लावा, दिवा मालवा. (एरवी कधी न आपटणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं तर कान आणि दात तपासा. दुखणं सांगता येत नाही म्हणूनही मुलं असं करतात.)

तयारी आजपासून करा. आवाज दाबणारे हेडफोन घरी रोज पाच मिनिटं खेळता खेळता घालायची सवय लावा. त्याच दिवशी पहिल्यांदा घातले तर तो फेकून देईल. गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवा, मग हळूहळू वाढवत न्या. चार चित्रांची पट्टी करा : मारबत आली, हेडफोन, मागची खोली, मारबत गेली. या मुलांना 'काय होणार' यापेक्षा 'कधी संपणार' हे जास्त कळायला हवं असतं. उन्हाळ्यात कूलर सुरू होताच दचकणाऱ्या एका मुलाच्या हातात आम्ही कूलरचंच बटण दिलं होतं. आवाज तेवढाच राहिला, पण आता तो त्याच्या हुकमानं येत होता.

आणि चाकं फिरवू द्या की! तुम्हीही एक बैल घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि त्याचं चाक फिरवा. मग त्याची पाळी, मग तुमची. संध्याकाळी ओळखीच्या दोनच घरी न्या, त्यांना आधी सांगून ठेवा. 'बोजारा द्या' (बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला पोरांना देतात ते पैसे) असं लिहिलेलं, नाण्याचं चित्र असलेलं कार्ड त्याच्या हातात द्या. कार्डामुळे बोलणं मागे पडेल ही भीती बाळगू नका. हातातल्या चित्राने काम होतं हे कळलं की उलट अनेक मुलांचे शब्द वाढतात.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, अभ्यासात हुशार. शाळेत एकच मैत्रीण, तीही या वर्षी दुसऱ्या तुकडीत गेली. घरी आली की दोन तास खोली बंद. लहानपणी आजी म्हणाली "कानाला खडा लाव", तर ही अंगणात खडा शोधायला गेली होती. शाळा म्हणते, लाजाळू आहे. मी इंटरनेटवर वाचून उगाच शंका घेतेय का? (धरमपेठ)

उत्तर : उगाच नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली पहिल्यांदा या मुलांचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा ११ मुलांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढे डॉक्टरांच्या मनात ऑटिझमचं जे चित्र ठसलं ते मुलग्याचंच. हुशार मुली बघून बघून शिकतात, कधी हसायचं, किती वेळ नजर मिळवायची, मैत्रिणी कसे हातवारे करतात. सहा तास हे नाटक वठवून आल्यावर दोन तास दार बंद करावंच लागतं. ते दोन तास काढून घेऊ नका, क्लास तर त्या वेळेला मुळीच नको.

मोठ्या मुली तपासायचा अनुभव असलेल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि तिच्या लहानपणाच्या अशा आठवणी लिहून न्या. खड्याची तर न्याच. निदान ऑटिझमचं निघेल, नाहीतर निव्वळ चिंतेचं, कधी दोन्ही असतं. पण तेराव्या वर्षी मुलगी स्वतःबद्दल काहीतरी उत्तर शोधतच असते. खरं उत्तर मिळालं नाही तर 'मीच वाईट' हे उत्तर ती पक्कं करून टाकते.

प्रश्न : अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तर मुलावर कायमचा शिक्का बसेल ना? (वाडी)

उत्तर : शिक्का मारणारे कागद न बघताच मारतात. कागद तुमच्या कामासाठी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आलं तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती, आणि जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात ७५,००० रुपयांची वजावट (८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,०००). राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य कवच आहे, त्यात थेरपीही येते. आणि बहुतेकांना माहीत नसतं ते असं, की मुलगा १८ वर्षांचा झाला की तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तेव्हा धावपळ नको, कागद आत्ताच काढा.

प्रश्न : मोठा मुलगा स्वमग्न आहे. पुन्हा दिवस गेलेत. दुसऱ्यालाही होईल का? सोनोग्राफीत कळेल का? (वर्धा मार्ग)

उत्तर : ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न आहे अशा बाळांत साधारण पाचांतल्या एकाला ऑटिझम आढळतो. बाकीच्या चौघांना नसतो. मोठ्याच्या तपासण्यांत फ्रॅजाइल एक्ससारखं जनुकीय कारण सापडलं असेल, तर हिशेब बदलतो, मग जनुकतज्ज्ञाला आत्ताच भेटा. सोनोग्राफीत मात्र ऑटिझम दिसत नाही. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून आलं तर ते हृदय, मणका, हातपाय यांच्याबद्दल असतं. बाळ नऊ महिन्यांचं झालं की हाक मारून बघा आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मला दाखवून जा.