सिकलसेलची कावीळ की नळीतला खडा?

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची, सिकलसेल एसएस (आई-वडील दोघांकडून आलेला पूर्ण आजार). डोळे लहानपणापासूनच पिवळसर, म्हणून आधी घाबरलो नाही. पण रोवणी लागल्यापासून लघवी कोऱ्या चहासारखी, संडास पांढुरकी आणि रात्रभर अंगाला खाज. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, पित्तनळी 11 मिमी आहे, खालचं टोक गॅसमुळे दिसलं नाही म्हणतात. आता नागपूरला एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करायला सांगितलं. पुन्हा फोटोत पैसे कशाला? थेट दुर्बिणीनं खडा काढता येत नाही का? गावातले लोक तर कावीळ उतरवून घ्या म्हणतात.
– एक वडील, ता. चामोर्शी

उत्तर : भाऊ, तुम्ही ‘पांढुरकी’ लिहिलं हे फार बरं केलं. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून निघणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, वाढतं, डोळे पिवळे होतात. तरी पित्त आतड्यात उतरत असतं, म्हणून संडासचा रंग टिकतो. तो गेला म्हणजे पित्ताची वाट अडली. त्याच जादा बिलिरुबिनाचे खडे पित्ताशयात होतात आणि एखादा नळीत घसरतो. कावीळ उतरवून तो निघत नाही, मधले दिवस तेवढे जातात.

एका एसएस मुलाचे पिवळे डोळे मी स्वतः ‘नेहमीचेच’ म्हणून सोडले होते. संडासचा रंग विचारलाच नाही. दहा दिवसांनी तो थंडी वाजून तापानं फणफणत आला, नळीत पू झाला होता. पोरगा वाचला, पण ती रात्र मी विसरले नाही.

आता दुर्बिणीचं. ईआरसीपीनं, म्हणजे तोंडातून आतड्यात दुर्बीण घालून, खडा निघतो हे खरं, पण तिच्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिवाय एसएसमध्ये कधी यकृताच्या आतच पित्त तुंबतं, आणि नळी रुंद दिसली म्हणून आत खडा असेलच असं नाही. खडा नसताना पोरीला तो धोका कशाला? एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार. नळीतलं पित्तच फोटोत पांढरंशुभ्र उमटतं आणि खडा त्यात काळा दिसतो. क्ष-किरण नाहीत, बहुधा सुईनं औषधही द्यावं लागत नाही. फार बारीक खडा मात्र सुटू शकतो. रिपोर्ट चांगला येऊनही रंग परतला नाही तर डॉक्टरांना तसं सांगा.

तपासणीआधी साधारण चार तास उपाशी राहावं लागतं. एसएसच्या रुग्णाला पाणी कमी पडलं की अंगात कळा सुरू होतात, म्हणून सकाळची पहिली वेळ मागा, आदल्या रात्री भरपूर पाणी पाजा आणि पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारून घ्या. खोली गार असते, साधी सुती चादर न्या. पैंजण, केसांच्या पिना घरीच ठेवा. यंत्र खटखट वाजतं, मधूनमधून श्वास रोखायला सांगतात. अर्ध्या तासाचं काम आहे. एसएस असल्याचं तिथे आधीच सांगा.

तारीख मिळायच्या आत थंडी वाजून ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी गाडी करून तिला जिल्हा रुग्णालयात न्या.