रक्त तपासून गुडघ्याची झीज कळते का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही तासगावजवळ राहतो. आईचं वय 61, सगळा जन्म द्राक्षबागेत गेला, आता दोन वर्षं झाली दोन्ही गुडघे धरलेत, एसटीची पायरीसुद्धा चढवत नाही. मिरजेला एक्स-रे काढला तर ग्रेड 3 म्हणाले. मग इथल्या लॅबमधून सांधेदुखीचं पॅकेज केलं, त्यात सीआरपी, आरए फॅक्टर, युरिक ॲसिड सगळं नॉर्मल! मग एवढं दुखतंय कशानं? झीज रक्तात दाखवणारी नवीन टेस्ट आहे म्हणे, ती करू का?

उत्तर : एक्स-रेही बरोबर आणि रक्तही बरोबर. अहो, ते पॅकेज झीज मोजायला नसतंच, आमवात किंवा गाऊट (युरिक ॲसिड वाढून होणारी सांधेदुखी) तर नाही ना एवढंच बघायला असतं, आणि झिजेच्या दुखण्यात ते बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. ग्रेड मात्र एक्स-रेवरनं ठरते, 0 म्हणजे झीज नाही ते 4 म्हणजे सगळ्यात जास्त, ही पद्धत 1957 पासूनची. एक्स-रे उभं राहून काढलेला असावा, झोपवून काढला तर सांध्यातली फट आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणजे झीज कमी वाटते.

आता नवीन टेस्ट. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गादी, झिजली की तिच्यातल्या प्रोटीनचे तुकडे रक्तात नि लघवीत उतरतात, कॉम्प आणि सीटीएक्स-टू ही त्यातली दोन नावं. शेकडो पेशंट एकत्र घेतले तर जास्त झीज असलेल्यांचा आकडा सरासरीनं जास्त दिसतो हे खरं, पण एकट्या आईचा आकडा घेऊन काय करणार, तो तुकडा गुडघ्यातला का खुब्याचा का बोटांचा ते रक्त सांगत नाही, आणि नुसतं चालून आलं तरी कॉम्प वाढतं. संशोधनाला ठीक, तुम्ही पैसे घालू नका.

त्यापेक्षा वजन बघा. 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोनं कमी होतो. बागेत उकिडवं बसणं बंद, स्टूल घ्या. खुर्चीत बसून पाय सरळ करून मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, हे रोज. (हळदीचं दूध खुशाल द्या, सांगलीत राहून त्याला नाही कसं म्हणू, पण कूर्चा त्यानं परत येत नाही.)

सकाळी तासभर सांधे आखडत असतील किंवा गुडघा गरम होऊन सुजला तर मात्र लगेच दाखवा.

आणि आई मेडिकलमधनं आणून रोज दुखण्याची गोळी घेतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. घेत असतील तर बीपी बघा आणि क्रिएटिनिन करून घ्या, कारण या गोळ्या किडनीला बाधतात. रक्ताची ही टेस्ट मात्र खरंच कामाची.