चमकीचं नेलपॉलिश निघता निघेना

प्रश्न : ताई, बहिणीच्या लग्नात लावलेलं चमकीचं नेलपॉलिश अर्धवट निघालंय. ब्लेडने खरवडू का?

उत्तर : ब्लेड अजिबात नको गं! रंगासोबत नखाचा पापुद्राही निघतो, मग नखं दुमडतात, तुटतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने रंग विरघळतो, पण चमकीचे कण प्लॅस्टिकचे, ते तसेच राहतात. म्हणून घासत बसू नकोस. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेव, वरून पोळ्यांची फॉइल गुंडाळ. दहा मिनिटांनी दाबून ओढलास की चमकी कापसाबरोबर येते. साधा रंग असेल आणि रिमूव्हर संपला असेल, तर त्यावरच ताजं नेलपॉलिश लावून ओलं असतानाच पुसायचं. त्यातल्या द्रावकाने जुना थर सुटतो. हे सगळं पेटत्या गॅसपासून लांब, खिडकी उघडून कर, ॲसिटोन झटकन पेट घेतं. नंतर हात धुऊन नखांच्या कडांना खोबरेल चोळ.