एका वेळी एकच फोटो

पोरी,

नाव मुद्दाम लिहीत नाही, पाकिटावर आहे तेवढं पुरे. पुढे नावांवरूनच तुझी खरडपट्टी काढणार आहे, म्हणून ही विसंगती आधीच कबूल करून टाकतो.

रविवारी तू पुण्याच्या गाडीत चढता चढता म्हणालीस, "काका, सहाशे चाळीस फोटो स्कॅन केले, पण आजीला काहीच आठवत नाही. उगाच केलं का सगळं?" गाडी सुटली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं. त्यानंतर चार रात्री मला ते झोपू देत नाही, म्हणून हा कागद.

उगाच केलं नाहीस. पण आजीची तू परीक्षा घेतलीस. मी आमच्या ओटीवरून बघत होतो. तिच्या पुढ्यात रातांब्यांची पाटी, हात कोपरापर्यंत लाल, आणि तू टॅबलेट नाकासमोर धरून बोट सरकवतेयस. हा कोण? ही कोण? हे साल कुठलं? चाळिसाव्या फोटोला म्हातारी म्हणाली, "सगळे सारखेच दिसतात गो." याला तू विसरणं म्हणतेस? पस्तीस वर्षं फोटो काढून पोट भरलेला माणूस आहे मी, मलाही चाळिसाव्या फोटोला सगळे सारखेच दिसतात.

एका वेळी एकच फोटो. आज एक. तो संपला की पुढच्या खेपेला दुसरा. आणि संपला कधी म्हणायचं, तर आजी म्हणेल तेव्हा.

तू म्हणशील, या हिशेबाने सहाशे चाळिसांना किती वर्षं लागतील? लागू देत. सगळे झालेच पाहिजेत हे कुणी ठरवलं? वीस झाले तरी त्या वीस फोटोंना माणसं असतील. बाकीचे सहाशे वीस तुझ्या त्या ड्राइव्हमध्ये सुखाने झोपतील, पण त्यांना कोणी ओळखणार नाही.

आता फोटो या वस्तूबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या पिढीचा तिच्यावर फार विश्वास. तुझ्या यादीत एक नोंद वाचली, "आजोबा, त्यांच्या घड्याळासह, 1976". अगं, ते घड्याळ माझ्या स्टुडिओचं! 1974 साली बाजारपेठेत दुकान टाकलं तेव्हा पडदा, प्लॅस्टिकची फुलं, एक कोट आणि एक बंद पडलेलं घड्याळ एवढं भांडवल होतं. अर्ध्या चिपळूणने ते घड्याळ घालून फोटो काढलेत. कोटाला मागून टाचण्या लावायचो, कारण तो एकाच मापाचा होता. तुझ्या आजोबांच्या गालावर देवीचे व्रण होते, ते मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून घालवले. त्यांनीच तसं सांगितलं होतं. म्हणजे घड्याळ खोटं, गाल खोटा, मागचा बगीचा खोटा. खरं काय होतं ते फक्त आजीला माहीत आहे. ती त्या दिवशी पडद्याच्या अलीकडे, मूल कडेवर घेऊन उभी होती. तिला विचार, फोटोनंतर तुम्ही दोघं कुठे गेलात? "हा कोण" असं विचारू नकोस. तो कोण हे तिला माहीत आहे, आणि तुलाही.

काळ्यापांढऱ्या फोटोत रंग विचारावा. लुगडं कुठल्या रंगाचं होतं? भिंतीला काय लावलं होतं, चुना की नीळ घातलेला चुना? स्टोव्ह कुणाकडून मागून आणला होता? माणसाचं नाव आठवत नसलं तरी त्याच्या घरच्या भाजीची चव आठवते, आणि चवीच्या मागून नाव येतं. कधी येतही नाही. मग बसायचं. रातांबे फोडायचे, वाल सोलायचे, हात रिकामे ठेवायचे नाहीत. रिकाम्या हाताने समोर बसलेला माणूस चौकशी करायला आल्यासारखा वाटतो.

आणि कृपा करून फोटोचा कागद हातात दे. स्कॅनवरून जरा मोठी प्रत काढून घे, काचेमागचा उजेड नको. म्हातारी माणसं फोटो बोटांनी बघतात, हे मी हजारदा पाहिलंय.

नाव कळलं की त्याच दिवशी लिही. जुन्या काळ्यापांढऱ्या कागदावर मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता. बॉलपेन नको, त्याची रेघ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटते. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर शिसं बसत नाही. त्यांच्यासाठी कागदाची पाकिटं कर आणि नाव पाकिटावर, फोटो आत घालायच्या आधी. बाईचं असेल तर दोन्ही नावं लिही, माहेरचं आणि सासरचं. आमच्याकडचे कुलवृत्तांत बघितलेस ना? पुरुषांची पिढ्यान्‌पिढ्या यादी, आणि तुझ्या आजीसारखी बाई एका ओळीच्या शेवटी, कुणाची तरी मुलगी म्हणून कंसात. त्या चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नकोस. मागून बारीक दोरा घालून करवतीसारखा हळूहळू चालव. निघत नसेल तर राहू दे, पानासकट काप.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, हे तुला माहीत असेल. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आकड्याचं मला फार कौतुक नाही. पण त्यात ओवीपाशी गाणारीचं नाव आहे, गाव आहे. पहाटे अंधारात एकटीने दळताना म्हटलेल्या ओळीला नाव मिळालं. ते बसल्याशिवाय मिळत नाही, तेही बाईला सवड असेल तेव्हा.

आता माझं सांगतो. हे सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय हे पत्र म्हणजे नुसता आगाऊपणा.

माझ्या आईचा तरुणपणचा एकच फोटो आहे. गावभर फोटो काढत फिरलेल्या माणसाच्या आईचा एकच, आणि तोही मी काढलेला नाही. गोवळकोटच्या धक्क्यावर ती उभी आहे, पायाशी ट्रंक, मागे खाडी. तिच्या खांद्यावर हात टाकून दुसरी एक बाई हसतेय. माझी आई कुणाला खांद्यावर हात टाकू देईल हेच मला खरं वाटत नाही, इतकी ती बाई तिच्या जवळची असणार. एकदा दुपारी आई तो फोटो घेऊन दुकानात आली. म्हणाली, "ही बघ, ही..." मी निगेटिव्हवर रिटचिंग करत होतो. लग्नसराई होती, तीन लग्नांचे अल्बम द्यायचे होते. मी मान वर न करता "नंतर" म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि गेली. 1998 साली गेली ती कायमची. मधल्या काळात ते "नंतर" काही आलं नाही.

तू म्हणशील, दोन मिनिटं काय जड होती? जड होती. उजेड गेला की रिटचिंग होत नसे, आणि तीन मुलांच्या फिया आईच्या आठवणींनी भरता आल्या नसत्या. हे मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगतोय. कधी पटतं, कधी नाही.

दुसरं याहून वाईट आहे. 2005 च्या जुलैत पाणी दुकानात शिरलं. निगेटिव्हच्या खालच्या रांगा भिजल्या, वरच्यांना बुरशी धरली, काही फिल्मना आंबूस वास सुटला. 2009 साली दुकान बंद केलं तेव्हा ते सगळं गोण्यांत भरून चांदी काढणाऱ्या माणसाला वजनावर देऊन टाकलं. जुन्या फिल्ममधून चांदी निघते, पैसेही बरे आले. त्या गोण्यांत तुझ्या आत्याच्या लग्नाचा अख्खा रोल होता. तुझ्या बाबांचा, पाच वर्षांचे असताना रडत काढलेला फोटो होता. ते रडले म्हणून मी तीनदा शटर दाबलं होतं.

मग 22 जुलै 2021. तुमच्या घरात पहिला मजला बुडाला आणि अल्बम चिखलात गेले. तुझी आजी गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, उन्हात घालू नका, वाळून चिकटले की सुटणार नाहीत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, एकेक सोडवा, तोंड वर करून सावलीत पसरा. आमच्या गच्चीवर तीन दिवस आम्ही तेच करत होतो. काळेपांढरे बरेच वाचले. रंगीतांचे चेहरे बोटाला लागून वाहून गेले. तिने मला विचारलं, "तुमच्याकडे निगेटिव्ह असतील ना हो?" मी म्हटलं, "तेही पुरातच गेले."

ते पुरात गेले नव्हते. हे तू तिला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी सांगणार होतो, शनिवारी सांगीन म्हणतो, पण माझा भरवसा नाही. गावात वाचन मंदिरासारख्या 1864 पासूनच्या संस्थेच्या पुस्तकांचा लगदा झाला, तिथे माझ्या गोण्यांचं काय, असंही मी स्वतःला म्हणून पाहिलंय. पण तिथलं पाण्याने नेलं. मी वजन करून दिलं.

तर हे असं आहे. म्हणून मी हट्टी झालोय, आणि म्हणून तुझे ते सहाशे चाळीस बघून माझ्या पोटात गोळा आला. सगळं एकदम हाताळणारा माणूस शेवटी गोणीच भरतो.

धक्क्यावरच्या त्या बाईचं नाव मला अजून कळलेलं नाही. पेठमापात एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. कोणीतरी म्हणालं त्यांना माहीत असेल, म्हणून फोटो घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "बाई नाही ओळखत. पण ओहोटी आहे बघ, होडी उशिरा सुटली असणार." सत्तर वर्षांपूर्वीच्या फोटोतली ओहोटी! मी पुढच्या गुरुवारी परत गेलो. मग दर गुरुवारी. आता फोटो पिशवीतून निघतही नाही. मी खारी नेतो, त्या चहात बुडवून खातात, आणि पहिला प्रश्न हाच, "बांगडा कसा दिला आज?" मी भाव सांगतो, त्या मला महाग पडला म्हणून हसतात. बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम मासळी बाजारातून चक्कर मारतो, भाव माहीत असावा म्हणून. घरात मासे खाणारं कोणी उरलेलं नाही.

तुला मी नोकरी सोडून इथे ये असं म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, नोकरी सोडणाऱ्याचं पोट कोण भरणार? पण रोज संध्याकाळी तू आजीला फोन करून "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" विचारतेस, त्याऐवजी एखाद्या दिवशी "सिमेंटच्या आधी अंगणात काय होतं गो" असं विचार. मग गप्प बस. ती थांबली तरी गप्प बस. तिकडून काही सेकंद काहीच येणार नाही, कावळा ओरडेल, कुकरची शिट्टी होईल. तू लगेच "हॅलो, हॅलो" करतेस, ती सवय मोड.

या शनिवारी चारच्या सुमाराला मी तुमच्याकडे जातोय. आमसुलं उन्हात आहेत, त्यांना रस द्यायला तिला हात हवाच आहे. तुझ्या गठ्ठ्यातला एक फोटो निवडून त्याची प्रत मी काढून ठेवली आहे, विहिरीपाशी चार बायका उभ्या आहेत तो. त्यात कडेला अर्धवट कापला गेलेला एक हात आहे, बांगड्यांनी भरलेला. कुणाचा ते तिला विचारायचंय.

तू साडेचारला फोन लाव. मी तो स्पीकरवर टाकून पाटावर पालथा ठेवीन. ऐक फक्त. वही जवळ असू दे, आणि मध्ये बोलू नकोस.

तुझा,
काका